नाताळचं यॉर्कशर पुडिंग: बारा खळग्यांचा ट्रे घ्यावा की एकच मोठा टिन?

यंदा नाताळचा रोस्ट घरीच करायचा, यॉर्कशर पुडिंगही घरचंच हवं, असं ठरवून भांडं घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. हे पुडिंग गोड नसतं; रोस्ट म्हणजे भाजलेल्या मांसाबरोबर ग्रेव्ही घालून खायचा, ओव्हनमध्ये फुगवलेला हा इंग्रजी पदार्थ. पिठाचा प्रश्न फारसा अवघड नाही. अंडी, दूध आणि मैदा एकाच कपाने मोजून सारखे घ्यायचे, चिमूटभर मीठ, बेकिंग पावडर अजिबात नाही. सरसरीत झालं की किमान अर्धा तास मुरू द्यायचं. खरी अडचण भांड्यापाशी येते. बारा खळग्यांचा मफिन ट्रे, चार खळग्यांचा पसरट ट्रे की सगळ्यांना मिळून एकच मोठा रोस्टिंग टिन? आम्हाला लीड्समध्ये येऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्यात माझे तिन्ही वापरून झाले आहेत.

चार खळग्यांच्या ट्रेबद्दल थोडक्यात. दोघातिघांच्या रविवारच्या जेवणाला तो उत्तम. पुडिंगं बशीसारखी पसरट होतात आणि ग्रेव्ही छान धरतात. पण नाताळला आठ माणसं म्हटलं की दोन ट्रे लागतात, म्हणजे ओव्हनचे दोन कप्पे. आमच्या ओव्हनमध्ये तरी वरच्या कप्प्यातली फुगतात आणि खालची मागे पडतात. मग बटाटे कुठे ठेवायचे? घरात दोन ओव्हन असतील त्यांनी जरूर विचार करावा. आमच्याकडे एकच आहे.

बारा खळग्यांचा ट्रे बहुतेक जण घेतात, मीही सुरुवातीला तोच घेतला. चांगला फुगला तर त्याच्यासारखं देखणं काही नाही. प्रत्येकाच्या पानात स्वतःची सोनेरी, उंच वाटी, आत वाफाळती ग्रेव्ही. मुलांना तर ती वाटीच हवी असते. २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा कमी उंचीचं यॉर्कशर पुडिंग हे यॉर्कशर पुडिंगच नव्हे. त्या मापाने पाहिलं तर जिंकण्याची आशा याच ट्रेकडून धरावी.

आता माझं मन ज्या एका गोष्टीमुळे फिरलं, ती सांगतो. हे पुडिंग फुगतं ते वाफेवर. कडकडीत तेलात थंड मिश्रण पडलं की त्यातल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि बाहेरचं कवच धरेपर्यंत ती आतून रेटत राहते. तेल तापलेलं नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट. आता ट्रे ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवला आणि मिश्रणाचं भांडं हातात घेतलं, असं समजा. पहिल्या खळग्यात मिश्रण पडतं तेव्हा जोरात चर्र होतं आणि कडा लगेच पांढुरक्या होऊन वर वळतात. चौथ्या-पाचव्या खळग्यापर्यंत तोच आवाज. सातव्याला तो बारीक होतो. दहाव्यात मिश्रण मुकाट तेलाखाली जाऊन बसतं.

आप्पे घालताना हा त्रास जाणवत नाही, कारण आप्पेपात्राखाली विस्तव असतो. शेवटचा आप्पाही पहिल्याइतक्याच तापल्या तेलात पडतो. इथे मात्र ट्रे बाहेर आला की निवायला लागतो, आणि पत्रा पातळ असला तर भराभर निवतो. तिसऱ्या वर्षीच्या नाताळला आठ पुडिंगं टम्म फुगली आणि चार पुरीएवढी चपटी राहिली. आई तेव्हा पुण्याहून आलेली होती. ती बसकी पुडिंगं मी आणि बायकोने आमच्या पानात घेतली, तर आईने न बोलता त्यातलं एक उचलून स्वतःच्या पानात ठेवलं. इतका वेळ खपून पाहुण्यांसमोर असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मग उपाय करून पाहिले. कप्पा थोडा बाहेर ओढून ओव्हनमध्येच ओतलं, तर दार उघडं राहून सगळा ओव्हनच थंडावला. मिश्रण बाटलीत भरून पटापट पिळलं, त्याने खरंच फरक पडला. आधीच बारा खळग्यांचा ट्रे घरात असेल तर नवीन काही न घेता एवढंच करा, निभावतं. पण नाताळच्या दुपारी ग्रेव्ही उकळत असते, टर्की कापायची असते, दारावर पाहुणे असतात. त्या घाईत बारा ठिकाणी नेमकं ओतणं मला तरी जमत नाही.

शेजारच्या आजी मूळच्या यॉर्कशरमधल्याच व्हिटबी गावच्या. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा एकाच मोठ्या टिनमधलं पुडिंग खाल्लं. टिन सरळ टेबलावर आला, त्यांनी सुरीने चौकोन कापले आणि कांद्याच्या ग्रेव्हीबरोबर मांसाच्या आधी वाढले. यॉर्कशरची ही जुनी रीत. पोट आधी पुडिंगने भरलं की महागडं मांस जास्त जणांना पुरतं. मुळात हा पदार्थ मोठ्या भांड्यातलाच. मांस सळईवर भाजलं जायचं तेव्हा टपकणारी चरबी झेलायला खाली भांडं असायचं आणि त्यातच हे पीठ शिजायचं. १७४७ साली हॅना ग्लास यांनी पाककृती छापली, तीही तशीच, मांसाखाली ठेवायच्या भांड्यातली. सुट्या वाट्या नंतरच्या.

आजींनी दाखवलेली युक्ती अशी: टिन ओव्हनमधून काढायचा आणि मंद गॅसवर ठेवायचा. तेल तापलेलंच राहतं. मग सगळं मिश्रण एका दमात ओतायचं आणि टिन लगेच परत ओव्हनमध्ये. सगळ्या टिनभर एकदम चर्र होतं. मफिन ट्रे गॅसवर ठेवून पाहिला, पण ज्योतीवरचे दोन-तीन खळगेच तापतात. इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा टिन तिथे तापणार नाही, स्टीलचा बघावा लागेल. आणि गरम तेलाचा टिन गॅसवर असताना तिथून हलू नका.

मोठ्या टिनमध्ये उणं काहीच नाही असं नाही. कडा उंच आणि कुरकुरीत होतात, पण मधला भाग मऊ राहतो. मला तो मऊ भाग फार आवडतो. बायकोला आवडत नाही, ती कोपरा मागते, आणि कोपरे चारच. चार इंचांच्या मापात मधला भाग बसणारही नाही. वेळही थोडा जास्त लागतो: २२० अंशांवर, पंख्याच्या ओव्हनला २०० वर, मफिन ट्रेला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, टिनला तीस ते पस्तीस. टर्की बाहेर काढून झाकून ठेवली की ती मुरायला साधारण तेवढाच वेळ द्यायचा असतो, त्यामुळे मला ते सोयीचंच पडतं. तोवर दार उघडून डोकावायचं नाही.

स्निग्धाचं म्हणाल तर इथल्या जुन्या घरांत बीफ ड्रिपिंगच (गोमांस भाजताना सुटलेली चरबी) वापरतात आणि त्याची चव वेगळी लागते, हे खरं. आपल्यातले बरेच जण ते खात नाहीत, म्हणून मी सूर्यफुलाचं तेल घेतो. तेवढंच नव्हे, अंडं खाणारे पण मांस न खाणारे पाहुणेही मग निःशंक खाऊ शकतात. ऑलिव्ह तेल, विशेषतः एक्स्ट्रा व्हर्जिन, लवकर धुरावतं, ते नको.

तुमच्याकडे मुलं जास्त असतील आणि हात चपळ असेल, तर मफिन ट्रे चुकीचा ठरेल असं मी म्हणणार नाही. सहा-आठ मोठी माणसं आणि एक ओव्हन असेल, तर मात्र मला मोठा टिनच बरा वाटतो. चार अंड्यांच्या मिश्रणाला साधारण ३० बाय २३ सेंटिमीटरचा पुरतो, पाचेक सेंटिमीटर खोल. दुकानात हातात घेऊन वजन बघा. हलका टिन तापल्यावर धाडकन वाकतो, सगळं तेल एका कोपऱ्यात जातं आणि पुडिंग एका बाजूलाच फुगतं. आणि घरून निघण्याआधी ओव्हनच्या कप्प्याची रुंदी टेपने मोजून घ्या. मी न मोजता आणलेला पहिला टिन हँडलमुळे आत गेला नव्हता, तो बदलून आणावा लागला.