सीयूईटी इंग्रजीचे शब्द: पुस्तक, ॲप आणि आक्का, आठ महिन्यांनंतर

दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यम आणि मग बेळगावात एकदम इंग्रजीतून पीयूसी, म्हणजे आपली अकरावी-बारावी. सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशाची सामाईक परीक्षा, द्यायची ठरली तेव्हा मला धास्ती होती ती इंग्रजी भाषेच्या पेपरची. 2025 पासून त्यात 50 प्रश्न, 60 मिनिटं. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं की 1 वजा. म्हणजे शब्द अर्धवट माहीत असणं महागात पडतं.

सप्टेंबरात खडेबाजारातून जाड शब्दपुस्तक आणलं. रोज तीस शब्द. दिवाळीपर्यंत जेमतेम 'सी' अक्षर संपलं आणि 'ए'मधलं निम्मं पुसलं गेलं होतं. वर्णक्रमामुळे सारखे दिसणारे शब्द एकाच अक्षरात येतात. 'ॲडव्हर्स' म्हणजे प्रतिकूल आणि 'अव्हर्स' म्हणजे नावड असलेला. या दोघांत मी सराव परीक्षेत दोनदा गुण घालवले. पुस्तक वाईट नाही, पण ते अडलेला शब्द बघायला ठेवावं, पाठ करायला नको.

मैत्रिणीच्या वहीत अर्थ कन्नडमध्ये होते. शाळेत कन्नड शिकल्यामुळे वाचता येत होतं, म्हणून उतरवून घेतले. 'हेस्ट'समोर 'अवसर' लिहिलं होतं. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. मी मात्र मराठीतला अवसर, म्हणजे संधी, धरून बसले. आपल्या भागातल्या मुलांनी हे जरूर सांभाळावं: संस्कृतातून आलेला शब्द दोन्हीकडे असतो, अर्थ तोच असेल असं नाही.

डिसेंबरपासून अँकीड्रॉइड हे कार्डांवरून उजळणी करायचं ॲप घेतलं. अँड्रॉइडवर फुकट आहे. जो शब्द जमतो तो लांबच्या तारखेला येतो, चुकतो तो लगेच परत. आधी तयार कार्डं उतरवली, तर 'फ्रुगल'ला अर्थ 'कंजूष'! आक्का संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता प्रश्न विचारायची. ती म्हणाली, "काटकसरी आणि चिक्कू एकच काय गं?" त्याच रात्री तयार कार्डं काढून टाकली. मग स्वतःची केली: पुढे सराव प्रश्नपत्रिकेतलं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा, मागे इंग्रजी शब्द आणि माझ्या मराठीतला अर्थ. कार्ड बनवायला वेळ लागतो, पण अर्धा शब्द तिथेच पाठ होतो. उच्चार देवनागरीत लिहू नका. 'एमिनंट' आणि 'इमिनंट' मी तसेच लिहिले होते आणि पेपरात स्पेलिंग बघून गोंधळले.

रोज दहाच नवे शब्द, बेळगावच्या बसमध्ये उजळणी. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत आठवडाभर ॲप उघडलं नाही, तर दोनशेवर कार्डं साचली. तेव्हा नवे शब्द थांबवून आधी तेवढी संपवली.

उताऱ्यांसाठी मात्र कार्डांचा फारसा उपयोग झाला नाही. त्यासाठी इंग्रजी पेपरातला अग्रलेख रोज वाचावा लागला, आणि ते मी फेब्रुवारीत सुरू केलं. फार उशीर केला. धाकटा भाऊ आता माझी कार्डं मागतोय. वाक्यं देणार आहे, अर्थाची बाजू कोरी ठेवून.