चौथ्या स्टेजची फाईल कोणाच्या हातात द्यायची?

कॅन्सरच्या रिपोर्टवर 'मेटास्टॅटिक', म्हणजे शरीरात इतरत्र पसरलेला, असं लिहून आलं की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरांत पहिला प्रश्न पैशांचा निघतो, दुसरा मुंबईचा. पुढची माहिती काढणार कोण, हे मात्र कोणी ठरवत नाही. गाठीचा नेमका प्रकार कोणता, कोणती औषधं अजून बाकी आहेत, कुठे क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचाराची माणसांवरची चाचणी, चालू आहे का, की आता दुखणं कमी करण्यावरच भर द्यायचा? पेशंटच्या अंगात तेवढी ताकद नसते आणि ओपीडीतल्या डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो. मग हे काम घरातल्याने करायचं, ऑनलाइन दुसरं मत घ्यायचं, हॉस्पिटलच्या सोशल वर्करवर सोडायचं की पैसे देऊन माणूस लावायचा?

घरातला माणूस म्हणजे बहुधा पुण्या-नाशिकला नोकरी करणारा पुतण्या नाहीतर शिकलेली सून. फुकट आणि विश्वासाचं. पण इंटरनेटवर उंदरांवरचा प्रयोग आणि माणसांवरची ट्रायल यांतला फरक त्याला चटकन कळत नाही. शिवाय 'डाक्टर काय म्हनतस रे?' असं नानांनी विचारलं की खरं सांगायला त्याचीच जीभ रेटत नाही. त्याच्याकडून शोधाशोध करून घेण्याआधी फाईल लावून घ्या. मेडिकलच्या प्लॅस्टिक पिशवीत कोंबलेले कागद तारखेप्रमाणे लावायचे आणि वर एक पान हाताने लिहायचं: वय, वजन, बायोप्सीचा नंबर, कोणती केमो कधी सुरू आणि कधी बंद, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), दिवसातला किती वेळ पलंगावर जातो. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. दुसरीकडे तपासणी करायची तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. कागद द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं असा २००२ पासून डॉक्टरांसाठी नियम आहे, एवढं सांगायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

उपचाराचा निर्णय अडला असेल तर माझं मत ऑनलाइन दुसऱ्या मताच्या बाजूने. टाटा मेमोरिअल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातल्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेतून कागदपत्रं पाठवून मिळतं, खुर्चीत न बसणाऱ्या माणसाला परळपर्यंत नेत बसावं लागत नाही. त्याचा उपयोग कुठे होतो ते पाहा. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर भरपूर. पुढे गेलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरवर टाटामध्येच झालेल्या ट्रायलचे निकाल २०२२ मध्ये आले. तोंडाने घ्यायच्या तीन औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) औषध फक्त २० मिलीग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या त्या तीन औषधांवरच्या १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पूर्ण डोसचा खर्च ऐकून घरी परतलेल्या कुटुंबाला हे कोणीतरी सांगायला हवं. अर्थात कागदावरचं मत पेशंटचं पोट दाबून पाहत नाही. ते घेऊन आपल्या इथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांपुढेच बसायचं आहे, आणि तेही त्यांचा मान राखून.

सोशल वर्कर आणि महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र पैशांच्या कामाला. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण, पण ठरलेल्या पॅकेजपुरतंच. रेल्वे सवलतीचा फॉर्मही हॉस्पिटलमधूनच सहीशिक्क्यासह घ्यायचा: उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री एसीच्या भाड्यात पेशंटला १०० टक्के, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. कोणतं औषध चांगलं, हे त्यांना विचारू नका.

पैसे घेऊन मदत करणाऱ्यांबद्दल मी जरा संशयी आहे. चांगली माणसं आहेत: ट्रायल शोधतात, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देतात, तुमच्याबरोबर ओपीडीत बसतात. पण त्याच नावाखाली हॉस्पिटलकडून कट घेणारे एजंटही फिरतात. सरळ विचारा, 'भाऊ, हॉस्पिटलकडून तुम्हाला काही मिळतं का?' आणि मग, 'आता आणखी केमो नको, असं तुम्ही कधी कोणाला सांगितलंय का?' दुसऱ्या प्रश्नावर गडबडला तर तिथूनच परत फिरा. बरं करायची हमी देणाऱ्याला तर दारातच थांबवा.

ट्रायल शोधायला पैसे द्यायची गरजही नाही. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००७ पासूनच्या ट्रायल फुकट पाहता येतात, कुठल्या शहरात चालू आहे आणि कोणाशी बोलायचं तेही असतं. पेशंट घेणं अजून सुरू आहे का, ते आधी पाहायचं. ट्रायल म्हणजे उपचाराची खात्री नव्हे, आणि दर काही आठवड्यांनी भुसावळहून गाडी धरायची तयारी हवी.

वाट कोणतीही घ्या, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांची भेट पहिल्याच महिन्यात ठरवा. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर २०१० मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचाराबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले पेशंट ११.६ महिने जगले, इतर ८.९. आणि शेवटच्या दिवसांत केमोसारखे जोराचे उपचार त्यांच्यावरच कमी झाले होते.

नंदुरबार-शहाद्याच्या लोकांना सुरत-अहमदाबाद जवळ पडतं. जायला हरकत नाही. पण महात्मा फुले योजना तिथे चालेल असं धरून निघू नका. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, तरी ते हॉस्पिटल यादीत आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा.