ओकनेस कड्यावरची पहारा-सेवा: एक परीक्षण

नॉर्वेतल्या गेइरांगर फ्योर्डला (फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधली अरुंद, खोल खाडी) जाणाऱ्यांनी हॉटेलाइतकीच चौकशी करावी अशी एक सेवा तिथे आहे, आणि तीही फुकट: ओकनेस डोंगरावरची चोवीस तासांची नजर. हा उतार वर्षाला काही सेंटीमीटर सरकतोय. सर्वांत वाईट शक्यता धरली तर ५ कोटी ४० लाख घनमीटर खडक फ्योर्डमध्ये येईल. त्याने उठलेली लाट काठावरच्या हेलेसिल्ट गावाला सुमारे ५ आणि गेइरांगर गावाला १० मिनिटांत पोचेल. पाणी अनुक्रमे ८५ आणि ७० मीटरपर्यंत चढेल, असा अंदाज आहे. शेजारच्या टाफ्योर्डमध्ये १९३४ साली अशाच लाटेने ४० जण गेले.

एवढ्या कमी वेळात लाट उठल्यावर भोंगा वाजवून भागत नाही. दरड पडण्याआधीच गाव रिकामं व्हायला हवं, आणि या सेवेची सगळी मांडणी त्यासाठीच केलेली आहे. भेगांवर मापक, जीपीएस, समोरच्या काठावरून उतार न्याहाळणारं रडार, बोअरमध्ये सोडलेले संवेदक, थरथर टिपणारे जिओफोन. बर्फाने एखादं उपकरण बंद पाडलं तरी बाकीची चालू राहतात, ही मोठी जमेची बाजू. तज्ज्ञ बघतात ते सरकण्याचा वेग वाढतोय का. त्यावरून धोक्याची हिरवी, पिवळी, केशरी, लाल अशी पातळी ठरते.

अडचण पाण्याची. पाऊस आणि वितळलेला बर्फ भेगांत उतरला की दाब वाढतो, उतार धावतो आणि पुन्हा मंदावतो. अशा चढउतारांमुळेच, हीच यंत्रणा राखत असलेल्या नॉर्वेतल्या वेस्लेमानेन कड्याखालच्या लोकांना १६ वेळा घरं सोडावी लागली. कडा अखेर ५ सप्टेंबर २०१९ला कोसळला, कुणालाही इजा झाली नाही. आमच्या मते त्या सोळाही वेळा निर्णय योग्यच होता.

खरी मर्यादा वेगळी आहे: पहारा फक्त ओळखलेल्या उतारांवर असतो. ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमध्ये सप्टेंबर २०२३ला सुमारे २.५ कोटी घनमीटर खडक-बर्फ कोसळला, पाणी २०० मीटर उसळलं. तिथे पहारा नव्हता, सुदैवाने माणसंही नव्हती. भूकंपाने अचानक सुटलेली दरड तर कुठल्याच मापकाला आधी कळेल याची खात्री नाही. अलास्काच्या लिटुया उपसागरात १९५८ला तेच झालं.

निघण्याआधी ‘वारसम’ (varsom.no) या संकेतस्थळावर ओकनेसची पातळी बघा. फोनमधल्या आणीबाणीच्या सूचना चालू ठेवा. गाव सोडायला सांगितलं की सामान आवरत बसू नका, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने न जाता थेट चढाकडे निघा.