साडेसातशेचा स्कॅनर, आठ महिने वापरून: सेन्सर नाही, प्लग सैल होता

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र, जूनमध्ये ७५० रुपयांना घेतला, तेव्हा मी त्याला खेळणं म्हटलं होतं. ते मागं घेतो.

सप्टेंबरात दारव्हा–यवतमाळ रस्त्यावर इंजिनचा दिवा लागला, अॅव्हरेजही पडलं. वर्कशॉपवाल्यानं मशीन लावलं अन् सांगून टाकलं, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला. ६,४०० लागतील." हा सेन्सर इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्याची वायर, वायरीचा प्लग, काही म्हणजे काही पाहिलं नाही. सोयाबीन अजून वावरातच उभं होतं, एवढे पैसे आणायचे कुठून?

माझ्या स्कॅनरनं कोड दाखवला पी ०१३०. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हटलं की वायर आली, प्लगही आला, एकटा सेन्सर नाही. मोबाईलवर व्होल्टेजचा ग्राफ लावून भाच्याला बाजूला बसवलं. डांबरीवर रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखी वरखाली. पांदण रस्त्याला लागलो अन् भाचा ओरडला, "मामा, रेघ सपाट झाली!" बरोबर ०.४५ वर. सेन्सरकडून काहीच आलं नाही की माझ्या गाडीत तोच आकडा दिसतो. पांदण संपली, रेघ पुन्हा हलू लागली. सेन्सर मेलाच असता तर ती परत आलीच नसती.

घरी इंजिन थंड होऊ दिलं, प्लग काढला. खिट्टी तुटलेली. चारपैकी एका पिनवर हिरवा जंग, आत काळ्या मातीची वाळलेली पापडी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन घासली, प्लग नायलॉन टायनं आवळून सायलेन्सरपासून दूर बांधला. आत ग्रीस मात्र भरू नका. बऱ्याच सेन्सरला लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच जाते. कोड पुसला. पाच महिने झाले, दिवा नाही. अॅव्हरेज १४ वरून १७ वर आलं.

आता राग. या स्कॅनरला बंद करायचं बटण नाही! ओबीडी सॉकेटच्या १६ नंबर पिनमध्ये चावी काढली तरी बॅटरीचा करंट असतो, अन् हा तिथं रात्रंदिवस पीत बसतो. दिवाळीत गाडी नऊ दिवस उभी होती, बॅटरी पार बसली. पाहुणे दारात अन् मी ट्रॅक्टरच्या बॅटरीला केबल लावतोय. तेव्हापासून दरवेळी स्टेअरिंगखाली वाकून काढा, वाकून लावा. पाच तारे देणार होतो, या बटणापायी एक कापला. वर पन्नास रुपये घ्या, पण बटण द्या.