यिवूतलं नवं भारतीय हॉटेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. डाळ, तंदुरी रोटी, चिकन टिक्का आणि दुपारची थाळी यांसाठी या हॉटेलात बिनधास्त जावं. पनीर बेताचं आहे. बिर्याणीचा भरवसा नाही. आणि शुद्ध शाकाहारी, त्यातही जैन जेवण हवं असेल तर पुढे दिलेले प्रश्न विचारल्याखेरीज ऑर्डर देऊ नये. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथली अशी हॉटेलं माल साधारण सारख्याच ठिकाणांहून उचलतात, आचारी एकीकडून दुसरीकडे जातात, त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं यिवूतल्या कुठल्याही नव्या भारतीय हॉटेलला लागू पडेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यिवू हे पूर्व चीनमधल्या च-च्यांग प्रांतातलं शहर, छोट्या वस्तूंच्या घाऊक बाजारासाठी जगभर प्रसिद्ध. इमिटेशन ज्वेलरी, खेळणी, स्टेशनरी, दिवाळीच्या माळा अशा मालाच्या खरेदीला मुंबई-पुण्याकडचे व्यापारी इथे येतात. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. आता नवीन भारतीय हॉटेल उघडण्यात अर्थ आहे.

या हॉटेलातलं बरं-वाईट समजून घ्यायचं तर गिऱ्हाईक कधी कोणतं येतं ते पाहावं. दुपारी बाजारातून धावतपळत आलेले भारतीय. संध्याकाळी सहाच्या सुमारास स्थानिक चिनी कुटुंबं, कारण तिथे रात्रीचं जेवण लवकर होतं. साडेआठनंतर पुन्हा भारतीय, आणि त्यांच्यासोबत अरब आणि आफ्रिकी व्यापारी. मुदपाकखाना एकच, ग्रेव्हीची पातेली तीच. सहा वाजता पातेल्यात साखर आणि क्रीम वाढतं, तिखट उतरतं. साडेआठला आलेल्याला तीच ग्रेव्ही वरून लाल तिखट मारून मिळते. त्यामुळे रात्री आठ ते नऊ या वेळेत ग्रेव्हीची भाजी मागवायची नाही, हा पहिला नियम. त्या वेळी तंदूरचं आणि डाळीचं खावं.

थाळी ३८ युआनला आहे (युआनला साधारण बारा-तेरा रुपये धरा). एक डाळ, एक सुकी भाजी, एक रस्सा, दोन तंदुरी रोट्या, भात, पापड, काकडी-कांदा, वाटीभर दही. पोट भरतं. भात आणि डाळ दुसऱ्यांदा मागितली तर देतात, रोटी मात्र जादा पैशांची. सुकी भाजी हीच थाळीची खरी जमेची बाजू, कारण स्थानिक भाजी ताजी असते. इथला फ्लॉवर लांब देठांचा, सुट्या तुऱ्यांचा असतो. आपल्याकडच्या घट्ट गड्ड्यापेक्षा लवकर शिजतो आणि शिजूनही कुरकुरीत राहतो. आलू-गोबी त्यामुळे लगदा होत नाही. पालक उत्तम. वांगी लांब, बारीक, पातळ सालीची, बियाही कमी. तंदूरमध्ये भाजून त्यांचं भरीत केलं की मऊ होतं, पण गर थोडा निघतो म्हणून वाटी लहान येते. मेथी मात्र फक्त वाळलेली.

डाळ. सुरुवातीच्या आठवड्यांत दाल तडका म्हणून जे यायचं त्यात मूग आणि हरभऱ्याची डाळ होती, तूर नव्हती. मूग चीनमध्ये भरपूर पिकतो, सहज मिळतो. तूर आणावी लागते, महाग पडते. नंतर तूर सुरू झाली आणि फरक पहिल्या घासात कळला. हल्ली पुन्हा अधूनमधून मिश्रण असतं. ओळखायचं कसं? मुगाची डाळ ताटात पाच मिनिटांत घट्ट होऊन साय धरते, तुरीची पातळ राहते. हिंगाचा वास येत नसेल तर तडका आधीच करून ठेवलेला आहे असं समजा. ताजा तडका मागितला की देतात, नुसतं सांगावं लागतं. कोणाचं पोट बिघडलं असेल किंवा तिखटाचा कंटाळा आला असेल तर ‘बिना तडके की दाल, सिर्फ हल्दी-नमक’ असं हिंदीत सांगा. भातावर घेतलं की जवळजवळ घरचं वरण होतं. मेनूत नाही, पण दाल तडक्याच्याच भावात मिळतं. वर तूप मागू नका, त्याऐवजी न्यूझीलंडचं अळणी लोणी येतं आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

ग्रेव्हीबद्दल जरा सविस्तर, कारण तक्रारी इथेच जास्त ऐकू येतात. ‘सगळ्या भाज्या सारख्याच लागतात’ ही तक्रार खरी आहे, पण ती भारतातल्या बहुतेक हॉटेलांनाही लागू आहे. तीन मूळ ग्रेव्ह्या असतात: काजूची पांढरी, टोमॅटोची लाल मखनी, कांदा-टोमॅटोची पिवळी. इथला वेगळा दोष दुसरीकडे आहे. हॉटेलला भाड्याने मिळालेला मुदपाकखाना मूळ चिनी होता, त्यात कढईसाठीची पंख्याची शेगडी आहे. तिची आच प्रचंड, भाजी दोन मिनिटांत परतायला उत्तम. कांदा मात्र मंद आचेवर तासभर भाजावा लागतो. मोठ्या आचेवर त्याच्या कडा जळतात आणि आतून तो कच्चा राहतो, मग ग्रेव्हीला एकाच वेळी कडवट आणि उग्र चव येते. सुरुवातीच्या काळात पिवळी ग्रेव्ही दर दोन-तीन वेळांपैकी एकदा अशीच असायची. नंतर त्यांनी बसकी, साधी गॅस शेगडी आणली आणि हा प्रकार बराच कमी झाला. नवीन भारतीय हॉटेलात कडाई किंवा दोप्याजा मागवण्याआधी शेगडी कोणती आहे हे पाहून घ्यायला हरकत नाही, बऱ्याच ठिकाणी शेगड्या काउंटरवरून दिसतात.

मखनी ग्रेव्ही गोड लागते. त्याला साखर हे एकच कारण नाही. तिथल्या बाजारातला टोमॅटो गुलाबी, गरदार आणि कमी आंबट, आणि रंगासाठी डब्यातली टोमॅटो पेस्ट घालतात. आंबटपणा भरून काढायला कसुरी मेथी आणि थोडं लिंबू पुरतं, पण चिनी गिऱ्हाइकाला गोडसर बटर चिकन आवडतं, म्हणून कोणी बदल करत नाही. ‘खट्टा ज़्यादा, चीनी नहीं’ सांगितलं तर दुपारी ऐकतात. संध्याकाळी कोणी ऐकत नाही.

आता तंदूर, जिथे हे हॉटेल खरंच कमावतं. मातीचा तंदूर आहे, पण कोळशाचा नाही, गॅसचा. इमारतीत कोळसा चालत नाही. गॅसच्या तंदूरमध्ये धुराचा वास कमी येतो, ही तडजोड मान्य करावी लागते. पण कारागीर नेपाळी आहे, हात बसलेला आहे. रोटी पातळ, कडेला खरपूस, मधे मऊ. अडचण फक्त वेळेची: तंदूरच्या भिंती पूर्ण तापायला वेळ लागतो, आणि संध्याकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर नान फिकट आणि चिवट येतो. साडेसहानंतर मागवा. तंदुरी रोटीचं पीठ आयात आटा आहे. स्थानिक मैदा नानला चांगला, पण तोच रोटीत मिसळला की रोटी थंड झाल्यावर पुठ्ठा होते. घाईच्या दिवसांत हे होतं. रंग पाहून कळतं: पांढरी रोटी परत पाठवा, ते वाद घालत नाहीत. चिकन टिक्का ५२ युआन, सहा तुकडे, मांडीचं मांस, म्हणून कोरडं पडत नाही. मांस हलाल आहे. त्यामुळेच बिअर मिळत नाही, विचारू नका.

मेनूच्या शेवटच्या पानावर गोमांस आहे, बरंच चिनी गिऱ्हाईक ते मागतं. ‘न्यू-रौ’ असं ऐकू आलं की ते गोमांस. वेगळी भांडी वापरतात का, याला ‘हो’ असं उत्तर मिळतं. पण कढया धुवून पुन्हा वापरताना दिसतात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी तंदूर, डाळ आणि भात यांवर राहावं.

पनीर. इथे कोणी चुकीच्या अपेक्षेने जाऊ नये. स्थानिक दुकानात जे दूध सहज मिळतं ते खूप उच्च तापमानाला तापवून डब्यात बंद केलेलं, महिनोन्‌महिने टिकणारं असतं. ते फाडलं तर दही-कणी बारीक आणि भुसभुशीत निघते, दाबूनही नीट वडी बसत नाही. फ्रीजमधलं ताजं पाश्चरीकृत दूध वापरलं तर बरं जमतं, पण त्याचा भाव जास्त. मग कधी गोठवलेलं आयात पनीर, कधी घरी केलेलं भुसभुशीत, आणि गर्दीत एखाद्या वेळी सरळ टोफू. टोफू ओळखणं सोपं: दाताखाली रबरासारखा लवचिक, तळलेला असेल तर आत जाळी, आणि दुधाची चव अजिबात नाही. पालक पनीरच्या रंगात ही लबाडी लपते, शाही पनीरमध्ये लपत नाही. पनीर खायचंच असेल तर टिक्का मागवा, तिथे टोफूला ग्रेव्हीत लपायला जागा नसते. दह्याचंही असंच. आधी कोशिंबीर गोड यायची, कारण दुकानात मिळणारं दही बहुतेक साखर घातलेलं असतं. आता साखर नसलेलं वापरतात. लस्सीला मात्र अजून तेच गोड दही येतं, आणि ती छान लागते.

शाकाहाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. मेनूवरच्या हिरव्या ठिपक्याला इथे कायद्याचा आधार नाही, तो हॉटेलवाल्याने छापलेला आहे. खरा धोका मांसाच्या तुकड्यांचा नाही, पुडीचा आहे. चिनी मदतनीस सवयीने भाजीत चिकनची दाणेदार पावडर टाकतो, तिला ‘ची-चिंग’ म्हणतात. त्याच्या दृष्टीने ते मिठासारखंच. डुकराची चरबी ‘चू-यौ’ इथे वापरत नाहीत. ऑयस्टर सॉस ‘हाव-यौ’ मात्र गोबी मंचुरियन, हाक्का नूडल्स अशा ‘चायनीज’ पदार्थांत पडू शकतो. (मंचुरियनचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते नेल्सन वाँग, साल १९७५, आणि जागा मुंबईतला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. शेजारच्या टेबलावरची चिनी मंडळी तो पदार्थ फार कुतूहलाने बघतात.) म्हणून आचाऱ्याला हिंदीत, आणि वाढणाऱ्या मुलीला चिनीत सांगा: ‘वो छृ सू’, मी शाकाहारी आहे. ‘पू याव ची-चिंग’, चिकन पावडर नको. ‘पू याव ची-तान’, अंडं नको, कारण नानच्या पिठात अंडं असू शकतं. रोटीच्या पिठात नसतं.

जैनांसाठी: कांदा-लसूण नको म्हटलं की लोक समजतात, कारण चिनी बौद्ध शाकाहारातही कांदा-लसूण वर्ज्य असतो. बटाटा, आलं, गाजर का नको हे मात्र कोणालाच कळत नाही, ती नावं एकेक करून सांगावी लागतात. ग्रेव्ही आधीच कांद्याची असल्याने शक्य असलेले पदार्थ मोजकेच: साधी डाळ, जिरा राइस, रोटी, टोमॅटोत परतलेली भेंडी किंवा फ्लॉवर. अर्धा तास आधी फोन केला तर चांगलं करून देतात. उपवासवाल्यांसाठी काही नाही. दुकानात मिळणारा साबुदाणा बारीक, गोड पदार्थांसाठीचा असतो आणि त्याच्या खिचडीचा गिच्च गोळा होतो. शेंगदाणे आणि फळं यांवर भागवावं.

तिखटाचे तीन दर्जे टेबलावरच्या क्यूआर कोडवर निवडता येतात. मधला, ‘चोंग-ला’, आपल्याकडच्या सौम्यपेक्षा किंचित वर. सर्वांत वरचा निवडला तर तिखटपणा येतो पण मसाला वाढत नाही, नुसती मिरची. मधला निवडून सोबत हिरवी मिरची मागणं बरं.

बिर्याणी शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी घ्या, तेव्हा ताजं दम लावतात. इतर दिवशी भात आणि रस्सा ऐनवेळी एकत्र परतलेला असतो. पांढरी शितं आणि पिवळी शितं वेगळी दिसली नाहीत, सगळा भात एकसारखा पिवळा दिसला, तर समजून जा.

घरपोच मागवायचं असेल तर नान मागवू नका. प्लास्टिकच्या डब्यात वाफ कोंडून तो वीस मिनिटांत चामडं होतो. बांधून न्यायचं असेल तर ‘ता-पाव’ म्हणा आणि रोटी कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून मागा. बिर्याणी आणि डाळ प्रवासात टिकतात.

पैसे अलीपे किंवा वीचॅट या मोबाइल अ‍ॅपने. रोख घेतात, पण सुट्टे द्यायला कुरकुरतात. भारतातलं आंतरराष्ट्रीय कार्ड अलीपेला जोडलं असेल तर २०० युआनवरच्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागतं. बिल २६० झालं तर दोन हप्त्यांत द्या, काउंटरवर ते सवयीचं आहे. टीप देऊ नये, तिथे पद्धत नाही. कंपनीच्या हिशेबासाठी बिल हवं असेल तर ‘फाप्याव’ जागीच मागा, नंतर मिळवणं कटकटीचं होतं.

मेइत्वान आणि द्येनफिंग या हॉटेलं शोधायच्या चिनी अ‍ॅपवर दोघांसाठीचं कूपन दिसतं, ते स्वस्त आहे, पण त्यातली बटर चिकनची वाटी मेनूतल्यापेक्षा लहान असते आणि पदार्थ बदलून मिळत नाहीत. शाकाहाऱ्यांच्या उपयोगाचं नाही. उद्घाटनाच्या वेळची सूट आता संपली आहे. चिकनच्या पदार्थांचे भाव थोडे चढले, थाळीचा मात्र तोच आहे.

गर्दीचा अंदाज: कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतं, तेव्हा व्यापारी यिवूलाही येऊन जातात. त्या दिवसांत रात्री साडेआठला टेबल मिळणं कठीण, आणि स्वयंपाकही घाईचा. सातला जा किंवा दहानंतर. चिनी नववर्षाच्या आसपास बाजारच बंद असतो, कामगार गावी जातात, हॉटेलही बंद राहतं. त्या सुमारास येणार असाल तर डबाबंद डाळ, पोहे आणि छोटा कुकर सोबत ठेवा.