टँडम हँग ग्लायडिंग: वारा फिरेपर्यंत बसवून ठेवणारी मंडळी

अशा सेवांची जाहिरात म्हणजे व्हिडिओ. खाली दरी, वर पंख, मध्ये एक भेदरलेला-हसरा चेहरा. तो सगळ्यांकडे सारखाच असतो, त्यावरून काहीही कळत नाही. आम्ही चौघं मित्रमैत्रिणी परवा टँडमसाठी, म्हणजे पायलटसोबत एकाच ग्लायडरला अडकून उडायला, डोंगरावर जाऊन आलो. तिथे मला आवडलं ते बहुतेक सगळं जमिनीवरच घडलं.

पोचलो तेव्हा वारा मागून, म्हणजे उताराच्या वरून खाली वाहत होता. उडायला वारा समोरून लागतो. तो मागून असला की कितीही धावा, पंखाला हवा मिळत नाही. पायलटने विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, एकदा बघितलं आणि सावलीत जाऊन बसला. आमच्यातल्या घड्याळवाल्याने विचारलं, "अहो, एवढासाच तर वारा आहे, चालणार नाही का?" "नाही चालणार. बसा निवांत." दुपार तिथेच कलली. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू.

पण त्यामुळे ग्लायडर जोडताना नीट बघायला मिळाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या, डॅक्रॉनचं कापड, कापडाच्या खोबणीत एकेक करून सरकवायच्या वाकवलेल्या बॅटन, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या काड्या. शेवटी तारा ताणायच्या आणि प्रत्येक नट, प्रत्येक पिन बोटाने चाचपायची. खालच्या त्रिकोणाचा आडवा बार धरून पायलट स्वतःचं वजन हलवतो, तेच सुकाणू. बार अंगाकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. कापडी पंखाची कल्पना फ्रान्सिस रोगॅलोची, १९४८ची; त्याला हा त्रिकोण १९६३मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सनने जोडला. पायलट हे सांगत होता, पण हात एकदाही थांबले नाहीत.

मग हँग चेक. एकाने पुढची तार धरून ग्लायडरचं नाक स्थिर ठेवलं आणि मी आणि पायलट हार्नेससकट (अंगाला बांधायचे पट्टे) पंखाखाली आडवे लोंबकळलो. कॅराबिनर (हार्नेस ग्लायडरला जोडणारी लॉकवाली कडी) अडकलंय, लॉक फिरवलंय, मांड्यांचे पट्टे लागलेत, बार आणि पोटात अंतर आहे, हे सगळं तो मोठ्याने म्हणत गेला आणि कॅराबिनर मलाही हाताने ओढून बघायला लावलं. २०१८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका पर्यटकाला ग्लायडरला अडकवायचंच राहून गेलं होतं. बिचारा नुसत्या हातांनी लटकत खाली आला, उतरताना मनगट मोडलं, पण वाचला. मी जरा जास्तच जोरात ओढून बघितलं. कोणी हसलं नाही, बरं वाटलं. पुढे मैत्रिणीच्या वेळी ऐनवेळी वारा पडला, तिला सोडवून बसवलं, आणि नंतर चेक पुन्हा पहिल्यापासून. "मघाशी झाला की!" "मघाचा मघाशी संपला."

टेक-ऑफला सूचना एवढीच: धावा, उडी मारू नका, मध्येच बसू नका. दोन-चार ढांगांत जमीन संपली, पाय मात्र उगीच चालत राहिले. पोटात गोळा येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. वाऱ्याचा आवाज मात्र चांगलाच असतो. बारवरचं व्हेरिओ, म्हणजे चढ-उतार आवाजाने सांगणारं यंत्र, वर जाताना टीं-टीं करतं, खाली येताना लांब रडका सूर काढतं. तापलेल्या खडकांवर एक घार गोल फिरत होती. तिला बघून पायलट तिकडे वळला आणि टीं-टीं एकदम जलद झाली. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा! त्या घिरट्यांत घड्याळवाल्याला नंतर मळमळलं, तेव्हा पायलटने मुकाट्याने ग्लायडर सरळ नेला. लँडिंग चाकांवर, गवतात, गुळगुळीत.

आता तक्रारी. हेल्मेटला आधीच्या सगळ्यांच्या घामाचा वास. हार्नेस खांद्याला काचतो, बारीक अंगाच्या माणसाला तर फारच. कॅमेरा असा लावलाय की व्हिडिओत निम्मा वेळ स्वतःच्याच नाकपुड्या दिसतात. वेगळे पैसे देऊन तो घ्यायची गरज नाही.

आणि खरा राग वजनाचा. आमच्या चौथ्या मित्राला डोंगरावर पोचल्यावर वजनाच्या मर्यादेमुळे नाही म्हटलं. नाही म्हटलं ते योग्यच, पैसेही लगेच परत दिले, पण बुकिंगच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. यासाठी रेटिंगमधला एक स्टार कापला, पाचपैकी चार. फोनवर स्वतःहून वजन सांगा, आणि हलके असाल तरी सांगा, कारण मर्यादा खालच्या बाजूलाही असते.