ट्यूब अँपचे कपॅसिटर बदलले आणि आवाज मोकळा झाला
सहा महिने झाले हा ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) वापरतोय, ईएल३४ या पॉवर ट्यूब जोडीने काम करणारा, म्हणजे पुश-पुल, आता मनापासून लिहू शकतो. नवीन आणला तेव्हा आवाज गोड होता पण जरा गढूळ, खर्ज नुसता घुमायचा आणि महिन्याभरात उजवीकडच्या एका ट्यूबची प्लेट (आतलं धातूचं आवरण) चक्क लाल दिसायला लागली. उघडून बघितलं तर कपलिंग कपॅसिटर (दोन स्टेजच्या मधला, फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) लीक होत होता, म्हणजे आधीच्या स्टेजचं डीसी व्होल्टेज थेट ट्यूबच्या ग्रिडवर (प्रवाह आवरणारी जाळी), मग बायस (ट्यूबचा स्थिर प्रवाह ठरवणारं व्होल्टेज) कोलमडणारच ना! कंपनीने इथे काटकसर करायला नको होती. चारही कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे टाकले, ६३० व्होल्टचे, बायस परत लावला, प्लेटवर ४०० व्होल्ट असताना ट्यूबमागे ३८ मिलीअँप, म्हणजे प्लेटवर साधारण १५ वॅट उष्णता, ईएल३४ ची मर्यादा २५ ची आहे त्यामुळे निवांत चालते. आणि हो, अँप बंद केल्यावरही वीजपुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो, मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत बोटसुद्धा घालू नका.

फरक म्हणाल तर तानपुऱ्याची जवारी! आधी नुसती भणभण यायची, आता तार छेडल्यावर तो नाद कसा उलगडत जातो ते कळतं, गायिकेने समेवर येण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा. पुढची छोटी प्रीअँप ट्यूब, १२एएक्स७, पण बदलून पाहिली, फरक थोडासाच, मागची सूं अशी हिस कमी झाली एवढंच. म्हणून महागड्या जुन्या ट्यूबांच्या मागे लागण्याआधी कपॅसिटर बघा. रात्री दिवे मालवून त्या नारिंगी उजेडात बसलो की एक रेकॉर्ड म्हणता म्हणता तीन होतात.